हरवलेला कागद आणि शिंगे फुटलेला माणूस

(उपनगरातील एका सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात एक लहानसे प्रकरण निकाली निघाले. सलमान रश्दी यांची ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ ही कादंबरी भारतात आणण्यास ५ ऑक्टोबर १९८८ रोजी सीमाशुल्क कायद्याखाली मनाई करण्यात आली होती. एका वाचकाने २०१९ मध्ये या मनाईला आव्हान दिले. ज्या अधिसूचनेने हे पुस्तक देशाच्या सीमेवर अडवले, ती अधिसूचना सादर करा, एवढाच साधा प्रश्न पुढे आला. संबंधित अधिकाऱ्यांना ती सादर करता आली नाही. वर्षे गेली, पण कागद सापडला नाही. अखेर अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही, असे गृहीत धरण्यावाचून गत्यंतर नसल्याचे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, डिसेंबर २०२४ मध्ये, दिल्लीच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे कादंबरी उघडपणे विकावयास आली. छत्तीस वर्षे एका कागदाने देशातील वाचकांवर राज्य केले आणि तो कागद मात्र राज्यकर्त्यांच्या दप्तरात नव्हता!

या प्रसंगाकडे गंमत म्हणून पाहून सोडून देणे शक्य आहे. परंतु ज्यांचे आयुष्य अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात गेले आहे, त्यांना यात दुसरेच काही दिसल्याशिवाय राहणार नाही. याच उपनगरांत एखाद्या झोपडीवासीयाला आपल्या घराचा हक्क सिद्ध करावयाचा असतो, तेव्हा त्याला तीस-तीस वर्षांपूर्वीचा कागद दाखवावा लागतो. १९७६ च्या गणनेचा फोटोपास, जुनी शिधापत्रिका, अमुक साली मतदारयादीत असलेले नाव, विजेचे बिल. पावसाळ्यात पोटमाळ्यावरची ट्रंक भिजली, कागदाचा लगदा झाला, असे सांगून भागत नाही. ‘परिशिष्ट दोन’ नावाची एक यादी लागते आणि तिच्यात नावापुढे ‘अपात्र’ हा एकच शब्द उमटतो. सरकारचा कागद हरवला तर छत्तीस वर्षे सरकारचा हुकूम चालतो, गरिबाचा कागद हरवला तर चाळीस वर्षांचे घर एका सकाळी बेकायदा ठरते. कागद कोणी सांभाळावयाचे आणि त्यांची किंमत कोणी मोजावयाची, याची या देशातील वाटणी ही अशी आहे.

नवलाची गोष्ट अशी की, ज्या कादंबरीचा हा कागद हरवला, त्या कादंबरीचा गाभाही हाच आहे. माणूस कोण आहे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? त्या माणसाचा, की त्याचे वर्णन लिहिणाऱ्या दप्तराचा? ज्या पुस्तकावर एवढा रक्तपात झाला, ते पुस्तक प्रामुख्याने या प्रश्नाविषयी आहे, हे मात्र फार थोड्यांनी ध्यानात घेतले.

कादंबरीचा आरंभ असा आहे. ‘बोस्तान’ नावाचे भारतीय प्रवासी विमान अपहरणकर्त्यांच्या हातात असताना इंग्लिश खाडीवर आकाशात फुटते. विमानाच्या फेरीचा क्रमांक चारशेवीस आहे! भारतीय वाचकाला त्यातील खोच कोणी समजावून सांगावयास नको. हजारो फुटांवरून दोन माणसे खाली पडतात आणि जिवंत राहतात. एक जिब्रील फरिश्ता, मुंबईच्या पौराणिक चित्रपटांतून देवांच्या भूमिका करणारा नट. दुसरा सलादिन चमचा, मुंबईत जन्मलेला पण इंग्रज होण्याच्या हव्यासापायी आपले नाव, आपला उच्चार, आपला बाप असे सारे मागे टाकून गेलेला माणूस. हा सलादिन लंडनमध्ये जाहिरातींना आणि नभोनाट्यांना आवाज देतो. त्याचा आवाज इंग्रजांच्या घराघरांत पोहोचतो, पण त्याचा सावळा चेहरा पडद्यावर चालत नाही. किनाऱ्यावर उतरल्यानंतर जिब्रीलच्या मस्तकाभोवती तेजोवलय दिसू लागते आणि सलादिनला शिंगे फुटतात, पायांना खूर येतात, अंगावर केस वाढतात. ब्रिटिश पोलीस त्याला बेकायदा घुसलेला परका म्हणून पकडतात, गाडीत घालून त्याचे हाल करतात. तो ब्रिटिश नागरिक आहे हे पुढे त्यांच्याच नोंदींतून निष्पन्न होते. परंतु तोपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते, आणि बेशुद्ध पडलेल्या त्या माणसाची रवानगी एका इस्पितळात होते.

त्या इस्पितळात कादंबरीचे मर्म आहे. तेथे इतर देशांतून आलेली माणसे खाटांवर पडलेली असतात. कोणाचे शेपूट वाढले आहे, कोणाचा साप झाला आहे, आणि मुंबईत एके काळी जाहिरातींसाठी भरपूर पैसे घेणाऱ्या एका देखण्या तरुणाचे धड माणसाचे व मुख वाघाचे झाले आहे. तोच सलादिनला या चमत्काराचे कारण समजावतो. ही शिंगे कोणा चेटकिणीने आणलेली नाहीत. दुसऱ्याला नाव देण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांच्या शब्दांतून ती उगवली आहेत, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. परका, घुसखोर, रोगट, गुन्हेगार ही विशेषणे आधी येतात आणि शरीर त्यांच्या मागोमाग बदलत जाते.

ज्याला जादुई वास्तववाद म्हणतात त्याची ताकद येथे दिसते. हा लेखनप्रकार म्हणजे परीकथा नव्हे. लॅटिन अमेरिकेत तो बहरला, कारण तेथे सरकारी सत्य इतके अविश्वसनीय होते की साधे वास्तववर्णन त्याला पुरे पडेना. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या १९६७ च्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या कादंबरीत केळीच्या मळ्यांतील संपकरी मजुरांवर गोळीबार होतो आणि प्रेते आगगाडीने हलविली जातात. त्यातून वाचलेला माणूस गावात परततो, तर जो तो त्याला सांगतो की येथे काहीच घडलेले नाही. कोलंबियात १९२८ मध्ये असे हत्याकांड खरोखर घडले होते. तेव्हा जादू कशात आहे? प्रेतांनी भरलेल्या गाडीत, की ‘काहीच घडले नाही’ या शासकीय निवेदनात? मराठी माणसाला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. बुडालेल्या वह्या पाण्यावर तरंगल्या, असे ज्या समाजाने तुकोबांविषयी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले, त्या समाजाला चमत्कार हा कित्येकदा सत्तेला दिलेला जनसामान्यांचा जबाब असतो, हे ठाऊक आहे.

रश्दी यांच्या डोळ्यांपुढे थॅचरबाईंच्या काळातील इंग्लंड होते. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांनी वसाहतींतून येणाऱ्या लोकांविरुद्ध विष ओकले होते. १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने, ब्रिटनच्या भूमीवर जन्मला तो ब्रिटिश, हे जुने तत्त्व मोडीत काढले होते. त्याच वर्षी ब्रिक्स्टनमध्ये दंगे पेटले. भारतातील वाचकाने त्यावर इंग्रजांच्या वंशद्वेषाबद्दल हळहळ व्यक्त करावी आणि घरी जावे, एवढ्यासाठी मात्र ही कादंबरी वाचावयाची नाही. भारतानेही तीच वाट धरली. १ जुलै १९८७ पासून केवळ येथे जन्म होणे पुरेसे राहिले नाही, आई किंवा बाप भारतीय असणे आवश्यक ठरले. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याच्या बाबतीत, आईबापांपैकी कोणी बेकायदा स्थलांतरित नाही, हेही पाहिले जाऊ लागले. बाळाच्या जन्माबरोबर आता दप्तरही जन्माला येते.

या कायद्यांचा काच मुंबईला फार जवळून परिचित आहे. १९९८ मध्ये बांगलादेशी म्हणून पकडलेल्या बंगाली भाषक कारागिरांना महाराष्ट्राचे पोलीस आगगाडीने सीमेकडे नेत होते. पश्चिम बंगालमधील उलुबेडिया स्थानकात लोकांनी गाडी अडवून त्यांना सोडविले, कारण त्यांतील माणसे त्यांच्याच राज्यातील होती, असे त्यांचे म्हणणे होते. २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा मुंबई परिसरातून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय असल्याचे पुढे आल्यावर त्यांना परत आणावे लागले. बोलीवरून माणसाला परका ठरवणे आणि मग चूक कळल्यावर त्याला परत आणणे, ही सलादिनच्या पोलीसगाडीतील कथा नव्हे काय? फरक इतकाच की गवंडीकाम करणाऱ्या मजुराच्या बाजूने बोलणारा कोणी कादंबरीकार त्या गाडीत नव्हता.

आता या उपनगरांकडे वळावे. येथे मूळचा कोण? मुंबईच्या उत्तरेस पसरलेल्या साष्टी बेटावर कोळी, आगरी, वारली, कुणबी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची गावठाणे, कोळीवाडे आणि पाडे होते. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये मुंबईची हद्द वाढत दहिसर व मुलुंडपर्यंत गेली आणि गावे एका रात्रीत ‘उपनगर’ झाली. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या निर्वासितांना मुलुंडची वसाहत मिळाली. कोकणातले चाकरमानी बोरिवलीपर्यंत सरकले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील भूमिहीन दलित रेल्वेच्या कडेला आणि खाडीच्या चिखलात येऊन पडले. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीने उत्तर प्रदेशापासून तामिळनाडूपर्यंतचे हात बोलावून घेतले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उद्ध्वस्त झाले आणि गिरणगावातली मराठी कुटुंबे पाठीवर बिऱ्हाड घेऊन आणखी उत्तरेस आली. म्हणजे येथे प्रत्येकाने कोणाच्या तरी मागून पाऊल ठेवले आहे. जो आधीच्या गाडीने आला, तो नंतरच्या गाडीने येणाऱ्याला उपरा म्हणतो आणि डब्याचे दार लावून घेतो!

हे दार कायद्याने लावण्याची युक्ती म्हणजे ‘मुदत-तारीख’. आणीबाणीच्या काळात, जानेवारी १९७६ मध्ये, झोपड्यांची गणना झाली आणि ओळखपत्रे वाटली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात ट्रॉम्बेजवळची जनता कॉलनी, सुमारे ७० हजार माणसांची वस्ती, जमीनदोस्त करण्यात आली. त्यानंतर तारीख सरकत राहिली: १९७६, १९८०, १९८५, १ जानेवारी १९९५, १ जानेवारी २०००. या तारखा लढ्यांनी आणि निवडणुकांनी पुढे ढकलल्या, हे खरे. परंतु मुदत-तारखेपर्यंत आलेला माणूस नागरिक आणि तिच्या दुसऱ्या रात्री आलेला अतिक्रमक, हे गणित कोणत्या नीतिशास्त्रात बसते? तेच पत्र्याचे छप्पर, तीच चूल, तोच नळावरचा तंटा. तारीख बदलताच एका घराचे घरपण जाते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या हजारो कुटुंबांनी १९९७ च्या न्यायालयीन आदेशानंतर याच तारखेच्या कात्रीत आपली भांडीकुंडी रस्त्यावर पाहिली. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील दर दहा माणसांपैकी सुमारे चार झोपडपट्टीत राहत होती. शहराचा एवढा मोठा हिस्सा जेव्हा ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या दोन शब्दांच्या मध्ये लोंबकळतो, तेव्हा जादुई वास्तववाद शोधण्यासाठी लंडनला जाण्याची गरज उरत नाही.

येथे घाटकोपरच्या एका रहिवाशाचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. अण्णाभाऊ साठे १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात जन्मले, लहान वयात कुटुंबासह पायी मुंबईला आले आणि घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून त्यांनी मराठीतील श्रेष्ठ साहित्य लिहिले. त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा मुंबईच्या अशाच एका उपनगरात, जंगलालगत घडते. वारणाकाठचा भीमा कामाच्या शोधात येतो, खाणीवर दगड फोडतो. एक दिवस खाण बंद पडते. भुकेच्या कडेवर उभ्या असलेल्या भीमाला स्मशानातल्या राखेत सोन्याचा कण सापडतो आणि तो प्रेते उकरू लागतो. एका रात्री त्याला त्याच प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंजावे लागते. प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि पुढे ती तोडावी लागतात. आणि मग बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली! दगड फोडणाऱ्या हातांना आता बोटे नाहीत.

या कथेत चमत्कार एकही नाही. तरीही तेथे माणूस आणि जनावर यांच्यातील सीमा त्या इस्पितळातल्याइतकीच पुसली गेली आहे. रश्दींचा सलादिन शब्दांनी जनावर होतो. अण्णाभाऊंचा भीमा बंद पडलेल्या खाणीमुळे कोल्ह्यांच्या पंगतीला जातो. एका लेखकाने भाषेची सत्ता दाखविली, दुसऱ्याने भाकरीची. वॉर्डन रोडवर वाढून केंब्रिजमध्ये शिकलेल्या लेखकाला भाकरीची सत्ता तितक्या जवळून दिसली नाही, हा त्याच्या कादंबरीवरचा रास्त आक्षेप आहे. सलादिनची व्यथा मोठ्या घरातल्या मुलाची व्यथा आहे. नाव बदलणे ही त्याची निवड होती, भीमाला अशी कोणतीच निवड नव्हती. परंतु समाजवादी विचाराने या दोहोंपैकी एकच पकडून चालणार नाही. गोरगरिबांना उठवावयाचे असते तेव्हा आधी त्यांना ‘अतिक्रमण’ म्हणावे लागते. बुलडोझर येण्यापूर्वी शब्द येतो.

या कादंबरीत मराठी वाचकाने आवर्जून पाहावा असा एक भाग आहे. जिब्रील फरिश्ता हा मूळचा इस्माईल नजमुद्दीन, पुण्यात जन्मलेला, डबेवाल्याचा मुलगा. बापाबरोबर तोही मुंबईत डबे पोहोचवतो. त्या धावपळीतच बापाचा जीव जातो. पोरक्या पोराला घरी नेऊन वाढविणारा माणूस म्हणजे डबेवाल्यांच्या संघटनेचा सरचिटणीस बाबासाहेब म्हात्रे. मुसलमान डबेवाल्याचा पोर म्हात्र्यांच्या घरात वाढतो आणि पुढे पडद्यावर गणपती होतो, मारुती होतो, कृष्ण होतो, आणि लोक भक्तिभावाने त्याला पाहतात. या शहराने शतकभर जे रोज केले, त्याचेच हे चित्र आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या फलाटांवर उतरणाऱ्या डब्यांमधून कोणाची चूल कोणत्या जातीची, हे आजवर कोणी विचारले नाही. या पुस्तकावर तुटून पडलेल्यांपैकी किती जणांना त्यात बाबासाहेब म्हात्रे आहे, याची खबर होती?

येथे बंदीचा विषय येतो आणि समाजवाद्यांच्या आत्मपरीक्षणाचाही. कादंबरीवर बंदी घाला, अशी मागणी १९८८ मध्ये ज्यांनी हिरिरीने केली, त्यांत सय्यद शहाबुद्दीन अग्रभागी होते. ते जनता पक्षाचे खासदार होते. ज्या पक्षात १९७७ मध्ये समाजवादी पक्ष विलीन झाला होता, तोच हा पक्ष. पुस्तक आपण वाचलेले नाही आणि वाचण्याची गरजही नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. राजीव गांधींच्या सरकारने निवडणुकीचे हिशेब करून ती मागणी मान्य केली. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी इराणच्या खोमेनींनी लेखकाच्या मृत्यूचा फतवा काढला. २४ फेब्रुवारीला मुंबईत या पुस्तकाविरुद्ध निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा माणसे मेली. पुस्तकावर तर आधीच बंदी होती. म्हणजे ज्या पानांसाठी ही माणसे रस्त्यावर आली, ती पाने त्यांना वाचावयाची म्हटली तरी वाचता आली नसती! १९९१ च्या जुलैमध्ये जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांचा खून झाला. १२ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेत व्यासपीठावरच रश्दींवर चाकूने वार झाले आणि त्यांचा एक डोळा गेला.

श्रद्धावान मुसलमानांना या कादंबरीतील स्वप्नांची प्रकरणे झोंबली, हे नाकारण्याचे कारण नाही. ती प्रकरणे भ्रमिष्ट होत चाललेल्या जिब्रीलची स्वप्ने आहेत, एवढे सांगितल्याने दुखावलेल्या माणसाचे समाधान होत नाही. एखाद्या अल्पसंख्य समाजाला रोज परका ठरविले जात असेल, तर त्याच्या श्रद्धास्थानावरचा विनोद त्याला आपल्यावरचा वार वाटतो. हे ज्यांना कळत नाही, त्यांना धर्मनिरपेक्षता हा शब्द वापरण्याचा अधिकार नाही. परंतु दुखावलेल्या मनाला उत्तर म्हणून मोकळी चर्चा देता येते, टीका देता येते, दुसरे पुस्तक देता येते. बंदी आणि सुरा देता येत नाही. महाराष्ट्राच्या समाजवादी चळवळीला हे हमीद दलवाई यांनी शिकविले होते. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी तोंडी तलाकाविरुद्ध मोर्चा काढला. २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंधन’ या त्यांच्या कादंबरीने आपल्याच गावाला, आपल्याच समाजाला आरसा दाखविला. दलवाई १९७७ मध्ये गेले. अकरा वर्षांनी बंदीचा प्रसंग आला, तेव्हा त्यांचा वारसा सांगणाऱ्यांचा आवाज पुरेसा मोठा का झाला नाही, हा प्रश्न त्या पिढीच्या नावे शिल्लक आहे.

आणि बंदीची ही हौस एकाच धर्माची मिरास आहे, असेही कोणी समजू नये. १९९५ मध्ये रश्दींच्या ‘द मूर्स लास्ट साय’ या कादंबरीत मुंबईतील एका बलाढ्य नेत्याची छबी दिसली, तर ते पुस्तक महाराष्ट्रात विक्रीस ठेवण्याचे धैर्य वितरकांना होईना. २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून विद्यार्थी सेनेच्या निषेधानंतर काढून टाकण्यात आली. पुस्तक न वाचता त्याचे वर्णन करावयाचे आणि मग त्या वर्णनालाच शिक्षा द्यावयाची, ही रीत सर्वांची सारखी आहे. माणसांना शिंगे कशी फुटतात हे सांगणाऱ्या पुस्तकालाच, ते न वाचणाऱ्यांनी शिंगे फोडली!

मराठी माणसाच्या मनातील एक काटा येथे उघडपणे बोलून दाखविला पाहिजे. आपल्याच राजधानीत आपली भाषा मागे पडते, आपली घरे विकली जातात, आपली मुले वसई-विरार, डोंबिवलीच्या पलीकडे फेकली जातात, ही वेदना खोटी नाही. १९६६ पासून या वेदनेवर राजकारणे उभी राहिली आणि दर दशकाला नवा शत्रू नेमण्यात आला: कधी दाक्षिणात्य कारकून, कधी उत्तर भारतीय टॅक्सीवाला. परंतु गिरण्यांच्या जमिनी टॅक्सीवाल्याने विकल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या मोकळ्या केल्या आणि धनिकांनी त्यांवर मनोरे चढविले. बिहारमधून आलेल्या भावाला नोकरी मिळाली नसती तरी लालबागच्या कामगाराची खोली वाचली नसती. भाषेवरचे प्रेम ही ओळख आहे, दुसऱ्याचे वर्णन करून त्याला जनावर ठरविण्याचा परवाना म्हणजे अस्मिता नव्हे. साने गुरुजींनी १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात आंतरभारतीचे स्वप्न मांडले, ते याच मातीतून. शेजाऱ्याची भाषा शिकल्याने आपली भाषा मोठी होते, हे त्यामागचे साधे सूत्र होते.

मग मार्ग कोणता? कादंबरीत सलादिन पुन्हा माणूस होतो, तो विनवण्या करून नव्हे. संतापाने त्याची शिंगे गळतात. पण एकट्याचा संताप त्याला सुडाकडे नेतो आणि त्यात आणखी जीव जातात. त्याचे खरे परतणे नंतरचे आहे. मरणाच्या दारातल्या बापाजवळ तो मुंबईत येतो, ज्या नावाची लाज वाटली होती ते सलाहुद्दीन हे नाव पुन्हा घेतो आणि झीनत वकील या डॉक्टर मैत्रिणीबरोबर एका मानवी साखळीत उभा राहतो. राष्ट्रीय एकात्मतेसाठी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने योजलेली ही साखळी शहरातून उत्तरेकडच्या उपनगरांपर्यंत पसरलेली आहे. रश्दींसारख्या संशयात्म्या लेखकाने आपल्या परतलेल्या नायकाला शेवटी हात धरून रस्त्यावर उभे केले, आणि ती रांग या उपनगरांपर्यंत आणली, ही गोष्ट साधी नव्हे.

त्या साखळीला या भूमीत खरा इतिहास आहे. गोरेगावच्या मृणाल गोरे यांनी हंडे घेऊन बायकांना रस्त्यावर आणले, तेव्हा पाणी मागणारीचा प्रांत कोणी विचारला नाही. १९८१ मध्ये अंतुले सरकारने भर पावसाळ्यात पदपथवासीयांना शहराबाहेर घालविण्यास आरंभ केला, तेव्हा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १० जुलै १९८५ च्या निकालात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य झाले. त्या निकालाने पदपथावरची घरे वाचविली नाहीत, हे कडू सत्य आहे. तरीही कागदावर एक वाक्य उमटले आणि ते श्रमिकांच्या बाजूचे होते. नागरी निवारा परिषदेने दिंडोशीच्या टेकडीवर साध्या माणसांसाठी घरे उभी केली, तीही संघटित मागणीतूनच.

म्हणून आजची मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. घराचा हक्क तारखेवर नव्हे, राहण्यावर आणि श्रमावर ठरावा. कागद दाखविण्याचे ओझे दुर्बळाच्या डोक्यावरून उतरवून सत्तेच्या डोक्यावर ठेवावे. ज्याला कोणी परका म्हणेल, त्याने ते सिद्ध करावे. आणि ते सिद्ध होईपर्यंत कोणाला गाडीत घालून नेऊ नये. पुस्तक असो की माणूस, वाचल्यावाचून, विचारल्यावाचून त्याचे वर्णन करण्याचा अधिकार कोणालाही असू नये. सरकारचा कागद हरवला तर एक पुस्तक मोकळे होऊ शकते. गरिबाचा कागद हरवला तरी त्याचे घर आणि त्याचे माणूसपण शाबूत राहील, असा कायदा ज्या दिवशी होईल, त्या दिवशी या उपनगरांत शिंगे फुटलेली माणसे दिसणार नाहीत.